धागा: पीककर्जाच्या फायली स्कॅन करताना बारकोडने इंडेक्स – कोणता कोड, कुठे लावायचा, काय चुकते

[१] खातेवही_दारव्हा

राम राम मंडळी. गावच्या सेवा सहकारी संस्थेच्या पीककर्ज फायली स्कॅन करायच्या आहेत. अंदाजे ४,००० फायली, एकेकीत १२ ते ४० कागद: कर्जमागणी अर्ज, सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, हमीपत्र, आधारची झेरॉक्स, ना-देय दाखला. बहुतेक ए४, पण मधात लीगलचे कागद आणि पातळ कार्बन कॉप्याही आहेत.

हाताशी दोन्ही बाजू एकदम घेणारा फीडरचा स्कॅनर, ६०० डीपीआयचा (इंचाला ६०० ठिपके) साधा लेझर प्रिंटर, २०३ डीपीआयचा लेबल प्रिंटर, एक लॅपटॉप आणि इन्व्हर्टर. सध्याची पद्धत म्हणजे एक फाईल स्कॅन करायची, नाव टाईप करायचे, मग दुसरी घ्यायची. त्याऐवजी गठ्ठा एकदम टाकून सॉफ्टवेअरने बारकोड पाहून फायली वेगळ्या कराव्या आणि नावही द्यावे, असे पाहिजे.

विचारायचे आहे ते हे: कोड कोणता घ्यावा? वेगळे पान घालावे की पहिल्या कागदावर स्टिकर लावावे? आणि खातेदाराचे नाव, गट नंबर बारकोडातच टाकता येते का?

[२] नोंदवही

शेवटच्या प्रश्नाचे आधी सांगतो, कारण बाकी सारे त्यावर अवलंबून आहे. नाव आणि गट नंबर बारकोडात टाकू नका भाऊ.

कोड १२८ या पट्ट्यांच्या बारकोडात देवनागरी बसतच नाही. त्यात फक्त इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे असतात. क्यूआरमध्ये देवनागरी जाते, पण काना-मात्रा धरून प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘ज्ञानेश्वर’ एवढ्या एका शब्दाला १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. नाव, वडिलांचे नाव, गाव आणि गट मिळून क्यूआर इतका दाट होतो की त्याच आकारात छापला तर घरे बारीक होऊन वाचन बिघडते.

दुसरे कारण याहून मोठे आहे. वारसनोंद झाली की खातेदार बदलतो, वाटणी झाली की पोटहिस्सा पडतो. कागदावर चिकटलेला बारकोड मात्र तोच राहतो. म्हणून बारकोडात मुका क्रमांक टाका. त्या क्रमांकापुढे नाव, गाव, गट, हंगाम आणि कर्ज वर्ष काय, हे वहीत किंवा तक्त्यात लिहा. तक्ता दुरुस्त करता येतो, चिकटवलेले स्टिकर नाही.

क्रमांक असा ठेवा: दोन ठरलेली इंग्रजी मोठी अक्षरे (समजा पीके), मग ७ अंकी अनुक्रम, मग १ तपासणी अंक. तपासणी अंक लुन पद्धतीने काढा. अनुक्रमाच्या उजवीकडून सुरू करून एकाआड एक अंक दुप्पट करायचा, ९ च्या वर गेला तर त्यातून ९ वजा करायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो अंक शेवटी लावायचा. ०००३१२७ ची बेरीज ५+२+२+३ = १२ येते, म्हणून तपासणी अंक ८ आणि पूर्ण क्रमांक पीके०००३१२७८. एक अंक चुकला तर हे हमखास पकडते. शेजारचे दोन अंक उलटे झाले तरी पकडते, फक्त ०९ आणि ९० ची अदलाबदल सुटते.

कोड १२८ मध्ये स्वतःचा तपासणी अंक असतोच, मग हा कशाला, असे कोणी विचारेल. हा हाताने टाईप करतानासाठी आहे. बारकोड फाटला की खाली छापलेला क्रमांक माणूसच टाकतो, आणि तिथेच चूक होते.

[३] स्कॅनवाला_आर्वी

नोंदवहीशी सहमत. आता मापांचे.

बारकोडातल्या सर्वांत बारीक पट्टीवर स्कॅनरचे किमान ३ बिंदू पडले पाहिजेत. २०० डीपीआयला एक बिंदू ०.१२७ मिमी, म्हणजे पट्टी ०.३८ मिमीपेक्षा बारीक नको. ३०० डीपीआयला ०.२५ मिमी चालते. पण ही झाली किमान मर्यादा. तुम्ही ०.५ मिमी धरा आणि ३०० ला स्कॅन करा. कार्बन कॉप्यांसाठी ३०० लागणारच आहे.

०.५ च का, तर तुमच्या लेबल प्रिंटरचे मिलिमीटरला ८ ठिपके आहेत. ४ ठिपके म्हणजे बरोबर ०.५ मिमी. ०.४५ मागितले तर प्रिंटर काही पट्ट्या ३ ठिपक्यांच्या आणि काही ४ च्या काढतो. डोळ्याला फरक दिसत नाही, वाचन मात्र डळमळते. लेझरवर १२ ठिपके घेतले की ०.५०८ मिमी येते, तेही ठीक.

लांबी: एकक म्हणजे सर्वांत बारीक पट्टीची रुंदी. कोड १२८ मध्ये दर चिन्हाला ११ एकके, शेवटच्या थांब्याला १३. दोन अक्षरे आणि आठ अंक (अंक जोडीने बसतात), शिवाय सुरुवातीचे, अक्षरांवरून अंकांकडे वळायचे आणि तपासणीचे चिन्ह मिळून ११२ एकके, म्हणजे ५६ मिमी. दोन्ही बाजूंना १०-१० एकके कोरी जागा लागते, ती १० मिमी. एकूण ६६ मिमी. म्हणजे ५०×२५ च्या लेबलवर हा बसत नाही. ७५ मिमी रुंद लेबल घ्या, नाहीतर वेगळ्या पानावर छापा. हाच क्रमांक कोड ३९ या दुसऱ्या पट्ट्यांच्या प्रकारात काढला तर ९५ मिमीच्या आसपास जातो.

उंची १५ मिमी ठेवा. कागद फीडरमध्ये तिरपा जातोच. ५६ लांब आणि १५ उंच बारकोडातून साधारण १५ अंश तिरपी रेषही सगळ्या पट्ट्या ओलांडते. ६ मिमी उंचीचा केला तर ६ अंशांतच संपला.

[४] पऱ्हाटी_वणी

एवढ्या लांबीच्या भानगडीपेक्षा क्यूआर का नाही घेत जी? १० अक्षरे-अंक सर्वांत लहान क्यूआरमध्ये, २१×२१ घरांच्या, सर्वांत जास्त दुरुस्ती-क्षमतेसह बरोबर मावतात. त्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचतो. लेबल प्रिंटरवर ६ ठिपक्यांचे घर म्हणजे ०.७५ मिमी. आकार १५.७५ मिमी, भोवती ४-४ घरे कोरी धरून २१.७५ मिमी. ५०×२५ च्या लेबलवर आरामात बसतो, बाजूला क्रमांकही छापता येतो. कागद आडवा, उभा, उलटा कसाही गेला तरी चालते.

[५] नोंदवही

स्टिकरसाठी क्यूआर उत्तम, त्यावर वाद नाही. पण एक ध्यानात घ्या. पीककर्जाच्या फाईलमध्ये आधीच परके कोड भरलेले असतात. आधारच्या झेरॉक्सवर क्यूआर, पॅनवर क्यूआर, खताच्या ई-इन्व्हॉइसवर क्यूआर, नोटिशीच्या पाकिटावर स्पीड पोस्टचा बारकोड. सॉफ्टवेअरला ‘कोड दिसला की नवी फाईल’ एवढेच सांगितले तर आधारच्या पानावर फाईल तुटते आणि हमीपत्र भलत्याच नावाने जाऊन बसते.

म्हणून दोन चाळण्या लावा. पहिली, सॉफ्टवेअरमध्ये आपण वापरतो तोच कोडप्रकार चालू ठेवायचा, बाकी सगळे बंद. दुसरी, नमुना: ‘पीके’ने सुरू, पुढे बरोबर ८ अंक, आणि तपासणी अंक जुळलाच पाहिजे. न जुळणारे सोडून द्यायचे. स्पीड पोस्टचा क्रमांक २ अक्षरे, ९ अंक आणि शेवटी देशाची २ अक्षरे असा असतो, तो इथे आपोआप गळतो.

इंटरलीव्हड २ ऑफ ५ हा बारकोडप्रकार तर आवर्जून बंद करा. त्याची सुरुवात-शेवटाची खूण इतकी साधी आहे की तक्त्याच्या उभ्या रेषाही कधी कधी बारकोड म्हणून वाचल्या जातात. आपल्या आठ-अ आणि पेरेपत्रकांत उभ्या रेषांशिवाय असते काय!

आधारबद्दल आणखी एक, हे गंभीरपणे घ्या. जुन्या आधारवरच्या क्यूआरमध्ये पूर्ण आधार क्रमांक असतो. सॉफ्टवेअर वाचलेला प्रत्येक कोड आपल्या लॉगमध्ये लिहीत असेल, तर तुमच्या लॅपटॉपवर लोकांच्या आधार क्रमांकांची यादी तयार होते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. नाकारलेल्या कोडचा मजकूर लिहू नये अशी सेटिंग करा. झेरॉक्सवर पहिले ८ अंक झाकत असाल तर क्यूआरही झाका, नाहीतर झाकण्याला अर्थ राहात नाही.

[६] स्कॅनवाला_आर्वी

पान की स्टिकर, यावर.

सेपरेटर पान, म्हणजे दोन फायलींच्या मधे घालायचे बारकोडचे पान: छापायला सोपे, मूळ कागदाला काही चिकटत नाही. दर फाईलला वेगळ्या क्रमांकाचे पान धरले तर ४,००० पाने, ५०० च्या ८ रीम. पाठकोरे कागद वापरू नका. दोन्ही बाजू स्कॅन होतात, मागचा जुना मजकूर फाईलमध्ये शिरतो. कोरी मागची बाजू काढायला ‘कोरे पान वगळा’ चालू करता येते, पण त्याची संवेदनशीलता जपून ठेवा. फिकी कार्बन कॉपीही त्याला कोरी वाटते आणि ती गुपचूप गायब होते. मी म्हणेन ते बंदच ठेवा, आणि सेपरेटर पानाची पुढची-मागची दोन्ही पाने टाकायला सांगा.

स्टिकर: कागद वाढत नाही आणि क्रमांक कायम मूळ फाईलवर राहतो. वर्षभराने कोणी फाईल मागितली तर हा मोठा फायदा. अडचणी दोन. अल्ट्रासॉनिक सेन्सरचा स्कॅनर चिकटवलेल्या स्टिकरला दोन कागद समजून थांबतो. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये त्या पट्ट्यापुरती डबल-फीड तपासणी बंद करता येत असेल तर करा, सगळ्या पानासाठी बंद करू नका. पावसाळ्यात सादळलेले कागद खरोखरच जोडीने जातात, तेव्हा तीच तपासणी वाचवते. दुसरी अडचण, डायरेक्ट थर्मल लेबल. आपल्याकडे मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत ते करपते, प्लास्टिकच्या पिशवीत फिके पडते. रिबन लावून छापायचे थर्मल ट्रान्सफर लेबल घ्या.

स्टिकर पहिल्या कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, कडेपासून १० मिमी आत लावा. शिक्का, सही किंवा तिकिटावर नको.

[७] ताई_तलाठी_कार्यालय

यात एक जोड देते. दोन्ही एकत्र वापरा.

पॅच-टी नावाचे सेपरेटर पान असते. त्यावर चार जाड-बारीक पट्ट्या असतात, आत क्रमांक काहीच नसतो. ते फक्त ‘इथून नवी फाईल’ एवढे सांगते, म्हणून तेच पान पुन्हा पुन्हा वापरता येते. ५० पानांत काम भागते. फाईल तोडायचे काम पॅच-टी करेल, क्रमांक पहिल्या पानावरचे क्यूआर स्टिकर देईल.

म्हणजे दोन वेगळ्या खुणा झाल्या. गठ्ठ्यात २० पॅच-टी सापडले आणि क्रमांक १९ वाचले, तर एक स्टिकर वाचले गेले नाही. उलट झाले तर एक पॅच-टी सुटले. एकच खूण वापरली आणि ती वाचली गेली नाही, तर सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही. पुढच्या खातेदाराची फाईल मागच्याच्या पोटात जाते आणि पडद्यावर सारे हिरवे दिसते. याच्याइतकी वाईट चूक या कामात दुसरी नाही, कारण ती शोधायची कुठे हेच कळत नाही.

[८] खातेवही_दारव्हा

खूप उपयोग झाला सर्वांचा. २५ फायलींची चाचणी घेतली, सध्या कोड १२८ च्या सेपरेटर पानांवर. ३ पाने वाचली गेली नाहीत. पाने वर्डमध्ये बारकोडचा फॉन्ट लावून काढली, मग पीडीएफ करून लेझरवर. टोनर बचत चालू होती. न वाचलेल्यांपैकी एका पानावर बारकोडातून वरपासून खालपर्यंत बारीक काळी रेष आहे. कशाने?

[९] स्कॅनवाला_आर्वी

तीन वेगळी कारणे असू शकतात, एकेक तपासा.

रेष म्हणजे फीडरच्या काचेवरचा कण. काच स्थिर आणि कागद सरकतो, म्हणून एका कणाची पूर्ण लांबीची रेष होते. पट्ट्या उभ्या असतील तर ती रेष बारकोडात एक खोटी पट्टी घालते, वरपासून खालपर्यंत, त्यामुळे एकही आडवी ओळ शुद्ध उरत नाही. बारकोड ९० अंशांत फिरवून छापला तर तीच रेष एका कडेने जाते आणि बाकीची रुंदी स्वच्छ राहते. पण फिरवलेल्या बारकोडला रोलर घसरल्याचा त्रास होतो, पट्ट्या ताणल्या किंवा दबल्या जातात. म्हणून सेपरेटर पानावर तोच क्रमांक दोनदा छापा, एक आडवा आणि एक उभा. कोणताही एक वाचला की झाले. जिनिंगच्या आसपासच्या गावात दिवाळीनंतर रुईचे तंतू हवेतच असतात. दर २०० कागदांनी तंतू न सोडणाऱ्या फडक्याला आयसोप्रोपिल लावून काच पुसा.

टोनर बचत बंद करा. त्यात पट्टी भरीव काळी न येता ठिपक्यांची येते, आणि काळे-पांढरे करताना तिला भोके पडतात. बारकोड शोधायचे काम ग्रे चित्रावरच होऊ द्या, काळे-पांढरे नंतर करा.

पीडीएफ छापताना ‘पानात बसवा’ निवडलेले असते. त्यात चित्र थोडे आक्रसते आणि ठिपक्यांचे गणित मोडते. ‘मूळ आकार, १०० टक्के’ निवडा. छापल्यावर पट्टीने मोजा, ५६ मिमी अपेक्षित असताना ५४ भरले तर समजा आक्रसले.

[१०] पऱ्हाटी_वणी

फॉन्टचीही गोम आहे. कोड ३९ च्या फॉन्टला मागेपुढे तारा लावला की पुरे. पण वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन ताऱ्यांमधला मजकूर आपोआप ठळक करून तारे खाऊन टाकतात. तारे गेले की वाचन शून्य. ऑटोकरेक्टमधून ते बंद करा. कोड १२८ ला मात्र नुसता फॉन्ट लावून भागत नाही. सुरुवातीचे चिन्ह आणि तपासणी चिन्ह हिशोब करून टाकावे लागते. ते न टाकता फॉन्ट लावला तर बारकोडसारखे दिसते, पण वाचत नाही. लेबल प्रिंटरच्या सोबत येणाऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये बारकोड म्हणूनच घाला, हिशोब तेच करते.

आणि सेपरेटर पानांच्या झेरॉक्स काढून वापरू नका. दर झेरॉक्सला पट्ट्या थोड्या फुगतात. पॅच-टी मळले की नवे छापा.

[११] खातेवही_दारव्हा

मोजले, ५४ च निघाले. काच पुसली, १०० टक्के निवडले, टोनर बचत काढली. तीच ३ पाने नव्याने छापून घातली, तिन्ही वाचली.

आता सॉफ्टवेअर. फुकटातले चांगले कोणते?

[१२] ताई_तलाठी_कार्यालय

नॅप्स२ ने सुरुवात करा. विंडोजवर चालते, बॅच स्कॅनमध्ये पॅच-टीवर फायली वेगळ्या करण्याची सोय आहे आणि पॅच-टीचे पान छापूनही देते. ते फाईल तोडायचे काम करेल. क्रमांक वाचून नाव द्यायला झेडबार किंवा झेडएक्सइंग हे मुक्त वाचक वापरून छोटी स्क्रिप्ट लागते. पहिल्या पानाचे चित्र द्या, कोड घ्या, नमुना आणि तपासणी अंक पडताळा, जुळला तर नाव बदला, नाही जुळला तर फाईल ‘तपासायचे’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. स्क्रिप्टने अंदाज कधीच करू नये. डेटा मॅट्रिक्स किंवा पीडीएफ४१७ हे कोडप्रकार वाचायचे असतील तर झेडएक्सइंग घ्या.

पेपरलेस-एनजीएक्स या सॉफ्टवेअरमध्ये तोडणे, क्रमांक देणे आणि शोध हे सगळे एकत्र मिळते. पण बारकोडची सोय मुळात बंद असते, चालू करावी लागते. आणि ते डॉकरवर उभे करणारा माणूस गावात नसेल तर पहिल्या बिघाडाला काम थांबते. तुम्हाला नॅप्स२ आणि स्क्रिप्ट पुरेल.

[१३] नोंदवही

ताळमेळाशिवाय हे काम पुरे समजू नका. तक्त्यात दर क्रमांकापुढे तीन रकाने ठेवा: स्टिकर लावले, मोजलेली पृष्ठे, स्कॅनमध्ये आलेली पृष्ठे. पृष्ठे मोजायचे काम टाचण्या आणि टॅग काढतानाच करा, आकडा पेन्सिलने पहिल्या कागदाच्या मागे लिहा. दोन्ही बाजू स्कॅन होत असतील तर कागद गुणिले दोन एवढी पाने आली पाहिजेत. सॉफ्टवेअरकडून फाईलनिहाय पानसंख्येची यादी घ्या आणि शेजारी लावा. तीन गोष्टी शोधा: दिलेला पण न आलेला क्रमांक, दोनदा आलेला क्रमांक, पानसंख्या न जुळणारी फाईल. चिकटून गेलेला कागद इथेच सापडतो. नमुना म्हणून दहातली एक फाईल उघडून पाहणे याची जागा घेत नाही.

एक्सेलमध्ये क्रमांकाचा रकाना आधी ‘मजकूर’ करा, मगच भरा. पीके न लावता नुसते अंक टाकले तर पुढची शून्ये उडतात. सीएसव्ही बाहेर काढताना यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीला बॉम (यूटीएफ-८ ची ओळखखूण) ठेवून काढा, नाहीतर डबल क्लिकने उघडल्यावर खातेदारांची नावे चिन्हांचा ढीग दिसतात.

[१४] खातेवही_दारव्हा

लाईट गेली तर? इन्व्हर्टरवर स्कॅनर फार वेळ नाही चालत.

[१५] स्कॅनवाला_आर्वी

गठ्ठा लहान ठेवा, एका वेळी ५० कागद. आणि स्कॅन थेट पीडीएफमध्ये न घेता एकेका पानाचे वेगळे चित्र म्हणून घ्या. पीडीएफची आतली अनुक्रमणी फाईलच्या शेवटी लिहिली जाते. मधात वीज गेली तर ती लिहिलीच जात नाही आणि अख्खा गठ्ठा उघडत नाही. वेगळ्या चित्रांत फार तर चालू पान जाते. ए४ चे ३०० डीपीआय ग्रे चित्र २,४८०×३,५०८ बिंदूंचे, म्हणजे न दाबता ८.७ एमबी. लॅपटॉपवर गठ्ठ्यापुरती जागा असतेच. पीडीएफ करणे, कोड वाचणे, नाव देणे हे काम वीज आल्यावर होऊ द्या.

वीज गेलेला गठ्ठा अर्ध्यापासून पुढे चालू करू नका. चित्रे पुसून पहिल्या कागदापासून पुन्हा घाला. अर्ध्यातून सुरू केले की एक कागद दोनदा येतो किंवा एक सुटतो, आणि बहुतेकदा तो कागद हमीपत्राचाच दुसरा असतो.

[१६] ताई_तलाठी_कार्यालय

आणि स्कॅन झालेल्या गठ्ठ्याला वेगळ्या रंगाची नाडी बांधा. स्टिकर दोन्ही ढिगांतल्या फायलींवर असते, त्यामुळे नुसते पाहून कोणता झाला ते कळत नाही. पॅच-टीची ५० पानेही दर गठ्ठ्यानंतर मोजून परत घ्या. ४९ भरली तर एक फाईलमध्येच राहिले, ते सापडेपर्यंत नाडी बांधू नका.